कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पावसाळ्यात सादळतात, मग ठेवायच्या कुठे?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात असं, की आईबाबा देवगडजवळ गावी असतात, बाबांना रोसुवास्टॅटिन १० आणि आईला ॲटोरवास्टॅटिन २० रोज रात्री चालू आहे आणि ताई दर तीन महिन्यांनी दोघांच्या गोळ्या पाठवतात. परवा गावी गेल्या तेव्हा बघितलं तर आईने सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून श्रीखंडाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलेल्या, काही मऊ पडलेल्या, दोनतीन एकमेकींना चिकटलेल्या. या चालतील का, फ्रीज बरोबर का, आणि नाहीतर ठेवायच्या कुठे?

आधी सरळ उत्तर देते मग पाल्हाळ लावते. त्या डब्यातल्या सुट्या गोळ्या वापरू नका, मऊ पडलेल्याही नाही आणि चांगल्या दिसतायत त्याही नाही. फ्रीज या गोळ्यांना नको. आणि आईने आत्तापर्यंत त्यातल्या काही खाल्ल्या असतील तर घाबरून जाऊ नका, विष वगैरे होत नाही, उद्यापासून नवीन पाकिटातली एक रोजच्यासारखी सुरू करायची, मागची भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात की हे सांगायचं. अजून एक म्हणजे दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात होत्या असं तुम्ही लिहिलंय, ते मला सादळण्यापेक्षा जास्त खटकलं. पाकीट गेलं की कुठली आईची कुठली बाबांची हे मी २६ वर्षं मेडिकल चालवूनसुद्धा नुसत्या रंगावरून सांगू शकणार नाही, कंपनी बदलली की रंग आकार सगळं बदलतं.

आता आईवर रागवायच्या आधी माझ्या घरची गोष्ट ऐका. माझ्या सासूबाई, घरात फार्मासिस्ट सून असताना, जुलै महिन्यात तीस गोळ्या फोडून एका छोट्या स्टीलच्या डबीत भरून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणतात, "गे बाय, रोज उठान तां पाकीट फोडूक माका जमणा नाय, म्हणान एकदम फोडून ठेवतंय." दहाबारा दिवसांनी डबी उघडून बघते तर तळाच्या गोळ्या चुरमुऱ्याच्या लाडवासारख्या एकत्र बसलेल्या, वरचं गुळगुळीत कोटिंग तडकलेलं, बोटाला पांढरी पूड. आणि मी दिवसभर काउंटरला उभी राहून लोकांना शहाणपण सांगत होते. बोटं वळत नाहीत हे खरं कारण होतं आणि मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं, त्यावर खाली लिहिते.

आपल्याकडे सादळणे हा शब्द सगळ्यांना कळतो. जून ते सप्टेंबर मीठ पाझरतं, पापड नरम पडतो, काड्यापेटी लागत नाही, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर हिरवं येतं. गोळी म्हणजे काय तर औषधाची थोडीशी पूड आणि बाकी भरणी, ती दाबून केलेली वडी, वरून पातळ कोटिंग. त्या भरणीतच असे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात की पोटात गेल्यावर पाणी शोषून गोळी फुटावी. म्हणजे पाणी ओढणं हे तिचं कामच आहे, ते पोटात करायचं तर ती श्रीखंडाच्या डब्यात करायला लागते एवढाच फरक. आणि या दोन्ही गोळ्या स्टॅटिन जातीच्या, ते औषध ओल, उजेड आणि आम्लपणा यांना नाजूक असतं, त्याची साखळी स्वतःभोवती वळून वेगळंच रूप घ्यायला लागते. म्हणून बऱ्याच ॲटोरवास्टॅटिनच्या गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूतलाच पदार्थ, मिसळलेला असतो, औषध टिकावं म्हणून. कंपनीने आतून एवढी सोय केली, बाहेरून ॲल्युमिनियमचं पाकीट घातलं, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असेल तर त्याला आमच्यात अलू-अलू म्हणतात, आणि आपण ते सगळं पहिल्याच दिवशी सोलून टाकतो. फणसाचे गरे काढून उघड्यावर ठेवल्यासारखंच झालं की ते.

यातली एक गंमत मला नेहमी वाटते. हे औषध मुळात बुरशीतनंच सापडलं. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या आणि एका पेनिसिलियममध्ये कोलेस्टेरॉल बनणं रोखणारा पदार्थ त्याला मिळाला, मग १९८७ ला लोवास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. तुमच्या आईबाबांच्या गोळ्या कारखान्यात रसायनांपासून बनवलेल्या आहेत, बुरशीतल्या नाहीत, पण घराणं तेच. आणि आपण आता त्या बुरशीपासूनच वाचवायला बघतोय.

फ्रीजचं सांगते कारण हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. लोकांना वाटतं इन्सुलिन फ्रीजमध्ये, मग औषध म्हटलं की फ्रीज. पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं बघा, २५ किंवा ३० अंशांच्या वर नको, उजेड आणि ओल यांपासून जपा. थंड ठेवा असं नाहीये ते. फ्रीजमधून थंड डबा काढला, पावसाळी हवेत उघडला, की उन्हाळ्यात तांब्याभर गार पाणी ठेवल्यावर बाहेरून थेंब येतात ना, तसे थेंब गोळीवर येतात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. मग झाकण लावून ते पाणी आतच बंद. रोज रात्री हे एकदा, महिन्यात तीस वेळा. आणि आपल्याकडे लाईट जाते, फ्रीज बंद पडून आत घाम येतो ते वेगळं. बंद पाकीट चुकून फ्रीजमध्ये राहिलं असेल तर मात्र ते वाया गेलं नाही, बाहेर काढा, पुसा, तासभर तसंच राहू द्या मग डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये राहिलं असेल तर केमिस्टला दाखवा.

अपवाद एकच, कोलेस्टेरॉलची काही इंजेक्शनं हल्ली आलीत, दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायची, इव्होलोक्युमॅब, ॲलिरोक्युमॅब अशी नावं. ती फ्रीजमध्येच, २ ते ८ अंश, दारात नाही तर मधल्या कप्प्यात आणि गोठू द्यायची नाहीत. त्यातही इन्क्लिसिरान नावाचं सहा महिन्यांनी घ्यायचं जे आहे त्याला फ्रीज लागत नाही. म्हणून पाकीट वाचायचं, शेजारणीचं ऐकायचं नाही.

बरं, एवढा जीव का काढायचा गोळीसाठी, असं एक काका मला म्हणाले होते. त्याचं कारण असं की डोकेदुखीची गोळी बाद झाली तर तासाभरात कळतं, डोकं दुखतच राहतं. ॲसिडिटीचं तसंच. कोलेस्टेरॉलची गोळी काम करते की नाही हे माणसाला अंगात काहीच कळत नाही, कोलेस्टेरॉल वाढलेलं पण कळत नाही आणि उतरलेलं पण नाही. कळतं ते चार सहा महिन्यांनी रिपोर्ट आला की, आणि रिपोर्ट बघून डॉक्टर बिचारे काय करणार, डोस वाढवणार.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. एका ऑगस्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढून आलं, डॉक्टर १० ची २० करायच्या विचारात होते. मी म्हटलं गुरुजी, घरात आहेत त्या गोळ्या आधी घेऊन या. तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी आणली, आत सुट्या १४ गोळ्या, कोटिंगला फोड आलेले, पुडी ठेवायचे बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात. मी आमच्या बिलावरून बघितलं, १० जूनला १५ ची तीन पाकिटं नेलेली, ४५ गोळ्या. आणि त्या दिवशी तारीख २० ऑगस्ट. म्हणजे ७१ दिवसांत ३१ खाल्ल्या. आता रिपोर्ट सादळलेल्या गोळ्यांमुळे वाढला का चुकवलेल्यांमुळे, तर माझं मत विचाराल तर चुकवलेल्यांमुळे, पण सुट्या गोळ्यांचा हा दुसरा तोटा आहे, मोजता येत नाही. पाकिटावर रिकामं घर दिसतं, काल घेतली का नाही ते कळतं, पुडीत काय दिसणार. डॉक्टरांना हे कळवलं, त्यांनी डोस तोच ठेवला, नवीन पाकीट रोज नीट घेतलं आणि दोन महिन्यांनी परत तपासलं तर उतरलं होतं. औषध सुरू केलं किंवा बदललं की ४ ते १२ आठवड्यांत परत रक्त तपासतात ते यासाठीच, ते टाळू नका.

आता घरात कुठे. तुमचं घर मी बघितलेलं नाही पण आपल्याकडची घरं साधारण सारखीच, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, वर कौलं नाहीतर आता पत्रा किंवा स्लॅब, पुढे पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी.

न्हाणीघराजवळ नको हे सगळे सांगतात. पण स्वयंपाकघर तेवढंच वाईट, सकाळी पेजेची वाफ, दुपारी भाताची, गॅसच्या वरच्या फळीवर तर अजिबात नको. फ्रीजच्या डोक्यावर लोक हमखास ठेवतात, दिसतं म्हणून, तिथे मागून गरम हवा येत असते. टीव्हीच्या मागे, इन्व्हर्टरच्या शेजारी, तेच. खिडकीच्या कट्ट्यावर उजेड आणि पावसाची झड दोन्ही. माळ्यावर मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी असते. आणि खास आपलं एक, ज्या खोलीत आंब्याची अढी घातलेली असते तिथे मे महिन्यात गोळ्या ठेवू नका, आंबे पिकताना ऊब आणि ओल दोन्ही सोडतात, त्या खोलीत शिरलं की चष्म्यावर वाफ येते माझ्या.

फसवणारी जागा म्हणजे भिंतीतलं फडताळ. बंद दार, काळोख, उंच, सगळं बरोबर वाटतं. पण ते पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर पावसाळाभर तो चिरा पाणी पीत असतो, आतून हात लावून बघा, गार आणि चिकट लागतो. गुरुजींचा कोनाडा तसाच होता. माजघरातलं, आतल्या भिंतीला लावलेलं लाकडी किंवा लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं सुटं, ही जागा चांगली. परीक्षा पाहिजे असेल तर जुलैमध्ये त्या जागी एक काड्यापेटी चार दिवस उघडी ठेवा, पाचव्या दिवशी काडी पहिल्या घासण्यात पेटली तर जागा ठीक. हे काही पुस्तकात लिहिलेलं नाही, माझी आई पापडाची जागा अशी ठरवायची. परीक्षा झाली की काड्यापेटी परत उचलून न्या, नाहीतर नातवंडांच्या हाती लागेल.

डबा कुठला? झाकणाला रबराची रिंग असलेला घट्ट डबा, पारदर्शक नसलेला बरा. श्रीखंडाचा, बिस्किटाचा, चॉकलेटचा डबा नको, त्याचं कारण मुलं. आत पाकिटं त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट झिपच्या पिशवीत घाला, पुठ्ठा नुसता ठेवला तर ओल धरतो आणि झुरळं त्यात अंडी घालतात, उंदीर तर ॲल्युमिनियमसुद्धा कुरतडतात, मी दात उमटलेली पाकिटं बघितलीत. आईचं एक आणि बाबांचं एक असे दोन वेगळे डबे, वर स्केचपेनने मोठ्ठं नाव. डांबरगोळ्या त्याच कपाटात असतील तर त्या हलवा, वास लागतो आणि काळोखात पांढरी गोळी ती पांढरी गोळीच.

तांदूळ घालून ठेवू का, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. नको. तांदूळ स्वतःच ओल धरून बसतो, पीठ झडतं, वर किडे होतात. सिलिका जेलची पुडी चालेल, पांढरी किंवा केशरी दाण्यांची, केमिस्टकडे मागा, बुटाच्या खोक्यातली नको. पण तिचाही जीव छोटा, डबा रोज उघडला तर आपल्या हवेत थोड्या आठवड्यांत ती भरते. म्हणून एक साधी युक्ती, मोठा डबा रोज उघडायचाच नाही. चालू पाकीट एक, बाहेर छोट्या डबीत, उशाजवळ किंवा जिथे रात्री चष्मा काढून ठेवतात तिथे. बाकीचा साठा बंद. अमेरिकेतून कोणी नव्वद गोळ्यांची बाटली आणली असेल तर त्यातली छोटी पुडी किंवा नळी काढून टाकू नका, ती ओल ओढायलाच असते, आणि झाकण टकटक वाजेपर्यंत लावा.

आता बोटांचा प्रश्न. सांधे धरलेल्या म्हातारीला अलू-अलूचं पाकीट अंगठ्याने फोडायला सांगणं म्हणजे खोबरं नखाने काढायला सांगण्यासारखं आहे. पाकीट टेबलावर उलटं ठेवून चमच्याच्या मागच्या बाजूने दाबलं की गोळी खाली वाटीत पडते, सासूबाईंना हे जमलं. किंवा बाबा रात्री दोघांच्या काढतील, एवढंच काम. सात वारांच्या खणांचा प्लास्टिकचा डबा मिळतो, तो विसरभोळ्या माणसाला खरंच चांगला, पण त्याची झाकणं हवाबंद नसतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यात एका आठवड्याच्याच गोळ्या, महिन्याच्या नाहीत, आणि तेही तुमच्या केमिस्टला विचारून, कारण काही कंपन्यांच्या गोळ्या जास्तच नाजूक असतात.

काहीजण कात्रीने पाकिटाचे एकेक गोळीसकट तुकडे करून त्या खणात ठेवतात, म्हणजे गोळी बंदची बंद. डोक्यालिटी चांगली आहे, पण ज्यांना मोतीबिंदू आहे किंवा जे काळोखात चाचपडत गोळ्या घेतात त्यांच्यासाठी हे करू नका. माणसं तो तुकडा पाकिटासकट गिळतात, खरंच गिळतात, आणि त्याची टोकदार कडा अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुतली तर ऑपरेशनपर्यंत जातं. शिवाय तुकडे केले की नाव आणि तारीख एका कुठल्यातरी तुकड्यावर राहते. तारखेवरून आठवलं, पाकीट नेहमी तारीख छापलेल्या टोकाच्या विरुद्ध टोकाकडून वापरायला घ्या, आणि आमच्यासारख्याने पाकीट कापून अर्धं दिलं तर तारखेचं टोक मागून घ्या नाहीतर बिलावर लिहून घ्या. फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते, अर्थात पाकीट बंद आणि नीट ठेवलेलं असेल तर. तारीख ही बंद पाकिटाची असते, फोडून डब्यात भरलेल्या गोळीला ती लागू नाही.

अर्धी गोळी घ्यायला सांगितली असेल तर रोजची रोज कापा, राहिलेला अर्धा दुसऱ्या दिवशी आधी संपवा. पंधरा गोळ्या एका बैठकीत कापून ठेवू नका, कापलेल्या बाजूला कोटिंग नसतं.

खराब झालेली कशी ओळखायची तर फुगलेली, डाग पडलेली, कोटिंग तडकलेली, पाकिटाला चिकटलेली, हाताला पूड लागणारी, पाकिटावर काळे ठिपके किंवा सुईएवढी भोकं. पण या खुणा नाहीत म्हणजे गोळी चांगली असं नाही, हे लक्षात ठेवा. एक वास मात्र पक्का सांगते. हृदयाच्या बऱ्याच पेशंटना स्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल असते. ॲस्पिरिनला ओल लागली की ते फुटून व्हिनेगरचा आंबूस वास येतो. कॅप्सूलची डबी उघडल्यावर चायनीजच्या गाडीसारखा वास आला की ती टाकायची, विचार करत बसायचं नाही.

गणपतीत जपा. एरवी घरात दोन म्हातारी माणसं, मग चतुर्थीला मुंबईहून सगळे येतात, पाच खोल्यांत पंधरा माणसं, पोरं सगळीकडे चढतात, आणि आजीआजोबांच्या गोळ्या उशाशी गुलाबी पांढऱ्या. ते आठदहा दिवस चालू पाकीटसुद्धा वरच्या कपाटात कडी लावून ठेवायचं. आणि आलेल्या पाहुण्यांच्या पर्स, बॅगा, त्यातही गोळ्या असतात, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. एखाद्या पोराने कोलेस्टेरॉलची एक गोळी गिळली तर साधारणपणे फार काही होत नाही, पण त्याच डब्यात शुगरची आणि प्रेशरची गोळी असते, आणि शुगरच्या काही गोळ्यांतली एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक उतरवू शकते. तेव्हा कुठली खाल्ली हे नक्की नसेल तर थांबून बघू असं नको. उलटी काढायला जाऊ नका, मीठपाणी पाजू नका, रिकामं पाकीट खिशात घाला आणि सरळ दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल फ्री नंबरवर असतं, तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

सूनबाई किंवा मुलगी गरोदर असेल तर आईच्या गोळ्यातली "कोलेस्टेरॉलची आहे, घेऊन बघ" असं चुकूनही नको, हेही सांगते कारण मी ऐकलंय.

पाठवायचं कसं आणि किती. मे महिन्यात गाडीने जाताना औषधाची पिशवी डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली ठेवून वाटेत जेवायला उतरता, बंद गाडीत उन्हात पारा पन्नाशी सहज ओलांडतो. पायाशी, सावलीत, पाण्याच्या बाटलीला चिकटून नाही. ट्रॉलरवर जाणारे आमच्याकडचे तांडेल आहेत त्यांनाही मी हेच सांगते, इंजिनाजवळच्या फळीवर नको, झिपच्या दोन पिशव्यांत घालून झोपायच्या जागी, आणि जेवढे दिवस समुद्रात तेवढ्याच गोळ्या अधिक चार.

पूर येणाऱ्या जागी घर असेल तर डबा कमरेच्या वर आणि त्यात प्रिस्क्रिप्शनचा फोटोकॉपी कागद. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं त्यानंतर कितीतरी लोकांनी चिखलातली पाकिटं धुऊन वाळवून ठेवलेली. पुराच्या पाण्यात बुडालेलं पाकीट बाहेरून चकचकीत दिसलं तरी टाकायचं, त्यात काय मिसळलेलं होतं देव जाणे.

टाकायचं म्हणजे विहिरीत, व्हाळात किंवा संडासात नाही, आपल्याकडे शोषखड्डा आणि विहीर एकाच परसात असतात. चुलीत पण नको. त्या श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या, गाडी येत नसेल तर पुढच्या खेपेला मुंबईला घेऊन जा. तुमचा केमिस्ट परत घेत असेल तर सगळ्यात उत्तम, विचारून बघा, सगळे घेतात असं नाही.

आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम पाठवू नका पावसाळ्यात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आपण तांदूळ, मीठ, सुके बांगडे, सोलं भरतो तेव्हाच औषधाचीही यादी काढा, मे च्या तिसऱ्या आठवड्यात दोन महिन्यांच्या, तारीख पुढच्या वर्षाची असलेल्या बघून, शक्यतो त्याच कंपनीच्या. मग गणपतीला येताना पुढच्या. मेमधल्या संपल्या की गणपतीपर्यंतच्या घ्यायला देवगडात मेडिकल आहेतच की, प्रिस्क्रिप्शन आईच्या डब्यात असलं म्हणजे झालं. तोवर आज रात्री आईला फोन करून चमच्याची युक्ती सांगा आणि उद्या परत विचारा जमली का, नाही जमली तर बाबांना कामाला लावा.